मुलाला स्वतःचे काम तपासायला शिकवताना या चुका टाळा

‘नीट बघून लिही की रे’ हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत रोज संध्याकाळी ऐकू येते. पण नेमके काय बघायचे हे त्यात सांगितलेले नसल्यामुळे तिसरी-चौथीतल्या मुलाच्या वहीत त्याने काहीच फरक पडत नाही. मूल पानावरून एकदा नजर फिरवते आणि ‘बघितले’ म्हणते. ते खोटे बोलत नसते, कारण मनात जे लिहायचे होते तेच त्याला कागदावर दिसते आणि गळलेला अनुस्वार किंवा विसरलेला हातचा डोळ्यांना खटकतच नाही. तपासणे हे उत्तर काढण्याहून वेगळे काम आहे आणि ते वेगळेच शिकवावे लागते.

एकाच वेळी सगळे तपासायला लावणे ही सर्वांत मोठी चूक. मराठीचे शुद्धलेखन असेल, तर पहिल्या फेरीत फक्त शब्दांची शेवटची अक्षरे पाहावीत: मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ असतात, म्हणून ‘पाणि’ चूक आणि ‘पाणी’ बरोबर, ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद मुलाने पाठच करावेत. दुसऱ्या फेरीत फक्त अनेकवचने पाहावीत, कारण ‘मुलाना’, ‘झाडावर’ असे लिहिताना ‘मुलांना’, ‘झाडांवर’ यांतला अनुस्वार हमखास सुटतो. फेऱ्या दोनच असाव्यात. त्याहून जास्त फेऱ्यांना या वयाचे मूल कंटाळते, आणि कंटाळून केलेली तपासणी न केल्यासारखीच असते.

गणितात चूक वेगळी होते. तेच उदाहरण त्याच पद्धतीने पुन्हा सोडवून घेतले, की मूल तीच चूक पुन्हा करते. ५०२ मधून १७८ वजा करताना अनेक मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढतात आणि ४७६ लिहून मोकळी होतात. दहा वेळा वजाबाकी केली तरी ४७६ च येणार. येथे पडताळा उलट दिशेने घ्यावा. ४७६ मध्ये १७८ मिळवले तर ६५४ येतात, ५०२ नव्हे, आणि हे मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिले म्हणजे कोणी न सांगता त्याला कळते. मग दशक उसना घेऊन आलेले ३२४ तपासावे: ३२४ आणि १७८ मिळून ५०२ होतात. गुणाकारात अंदाज उपयोगी पडतो. ३५ रुपयांच्या सहा वह्यांचे मुलाने १८३० रुपये लिहिले असतील, तर वही ४० रुपयांची धरून किती होतील एवढेच विचारावे. २४० च्या वर जाता येत नाही हे त्याच्याच तोंडून आले, की ५ × ६ चा हातचा ३ कुठे गेला हे ते स्वतः शोधते.

सीमाभागातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यायला हवी. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, तर कन्नडमधल्या ‘ऐवत्तेळु’त आणि इंग्रजीतल्या ‘फिफ्टी सेव्हन’मध्ये पन्नास आधी येतात. त्यामुळे दिवसभर तिन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या मुलाने ५७ च्या जागी ७५ लिहिले, तर त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिण्याचेही असेच. संख्या लिहून झाल्यावर ‘पाच दशक, सात एकक’ असे बोट ठेवून मोठ्याने वाचायची सवय लावली, तर ही चूक पुष्कळ कमी होते.

कन्नडची वही ‘आम्हाला कळत नाही’ म्हणून बाजूला ठेवू नये. शेतातून किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यातून थकून आलेल्या, कन्नड न वाचता येणाऱ्या पालकांनाही ती तपासून घेता येते. पाठ्यपुस्तकातून उतरवलेली ओळ आणि पुस्तकातली ओळ शेजारी ठेवावी आणि अक्षरांच्या खाली लोंबणारी ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरे, दोन्हीकडे मोजायला सांगावीत. ‘अक्क’ लिहिताना खालचा क राहिला असेल, तर तो या मोजणीत लगेच सापडतो.

चूक दिसताच तिच्यावर बोट ठेवणे किंवा स्वतःच खोडरबर हाती घेणे हे प्रेमापोटी होते, पण त्यामुळे शोधण्याचे काम मुलाकडे उरतच नाही. ‘या ओळीत एक चूक आहे’ एवढेच सांगून थांबावे. गृहपाठ संपल्या संपल्या तपासायला न बसवता मध्ये जेवण होऊ द्यावे, म्हणजे नजर ताजी होते.

प्रत्येक चूक मात्र निष्काळजीपणाची नसते. त्याच प्रकारचे उदाहरण दरवेळी त्याच रीतीने चुकत असेल, तर मुलाला ते समजलेले नाही आणि ते बाईंना किंवा गुरुजींना भेटून सांगायला हवे. पुस्तकातून बरोबर उतरवणारे मूल फळ्यावरून लिहिताना अंक चुकत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.