मॅक्झिमा अडली नव्हती, विचारत होती

नांदेडला खोलीवर बसून पायथनमधल्या स्क्रिप्टमधून मॅक्झिमाला, म्हणजे बीजगणित-कॅल्क्युलस सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, इंटिग्रल पाठवत होतो. मधला निरोप्या पीएक्सपेक्ट, दुसरा प्रोग्रॅम चालवून त्याच्याशी बोलणारी पायथनची लायब्ररी. सोपी गणितं पटापट सुटली, पण एक्सचा एनवा घात दिला की स्क्रिप्ट ढिम्म. आज्ञेच्या शेवटचा सेमीकोलन तपासला, तो जागेवर. लाइट जायच्या आत मार्गी लावायचंच म्हणून (उन्हाळ्यात तिचा काय भरवसा!) टर्मिनलवर मॅक्झिमा हातानं चालवली. तर बाई विचारतेय, एन उणे १ आहे का? बरोबरच आहे तिचं, तसं असलं तर उत्तर लॉगॅरिदममध्ये येतं. माझी स्क्रिप्ट मात्र पुढच्या प्रॉम्प्टची (नवी आज्ञा द्या सांगणाऱ्या खुणेची) वाट बघत बसलेली. असूम (गृहीत धर) कमांडनं 'एन उणे १ नाही' हे आधीच सांगून टाकलं, गाडी चालू. घातांक वेगळ्या ओळीत छापून येत होते. डिस्प्लेटूडी हे उत्तर छापण्याचं सेटिंग फॉल्स (बंद) केल्यावर तेही एका ओळीत आले.