नदीघाटासाठी मेटल डिटेक्टर घेताना

आमच्याकडं मेटल डिटेक्टर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: मंत्र्याच्या सभेतला तो दरवाजा, नाहीतर गुप्तधन. माझं काम या दोहोंच्या मधलं. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या अलीकडं वैनगंगेच्या काठावरच्या गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. कार्तिक पौर्णिमा, संक्रांत, महाशिवरात्र झाली की फोन येतो: "भाऊ, घाटावर आंघोळीत सुनेची अंगठी गेली जी, पाहता का?" मग मशीन घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरायचं. एरवी कास्तकारांची वावरात पडलेली ट्रॅक्टरची पिन नाहीतर रोटाव्हेटरचं पातं शोधून द्यायचं. आता पोट्टे विचारतात, कोणती मशीन घ्यावी? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी गुप्तधनाचं मिटवून टाकू. दोन तारा हातात धरल्या की शंभर मीटरवरचं सोनं दाखवते, अशी मशीन विकणारे आमच्या बाजारात फिरतात. असली मशीन जगात नाही. जो डिटेक्टर खरा चालतो, तो रुपयाएवढी वस्तू वीत-सव्वा वीत खोल दाखवतो. हंडा-कळशीएवढी असेल तर आणखी थोडं खाली. त्यापुढचं सगळं बुवाबाजी. त्यात अघोरी प्रकार, नरबळी वगैरे आलं तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मशीन. किंमत नंतर पाहा, आधी पाणी पाहा. पाणी गोडं की खारं, यावर निम्मा निर्णय होतो. मशीनच्या थाळीत दोन वेटोळी असतात. एक चुंबकक्षेत्र सोडतं, दुसरं ऐकतं. मधे धातू आला की त्यात प्रवाह फिरतो आणि ऐकणाऱ्या वेटोळ्यात येणारा सिग्नल थोडा मागे सरकतो. किती सरकला, यावरून मशीन ठरवते की हे लोखंड आहे, चांदी आहे की आणखी काही. ज्यानं जळालेल्या मोटारी भरल्या आहेत त्याला हे लगेच कळतं. गोड्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून आमच्या वैनगंगेत, वर्धा नदीत, तलावात मशीनला पाणी जवळपास दिसतच नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून समुद्रावर साधी मशीन पाण्यालाच धातू समजते आणि सारखी कुरकुरते.

त्यासाठी दोन उपाय निघाले. एक पल्स इंडक्शन: करंट एकदम तोडायचा आणि त्यानंतर धातूतून काय परत येतं ते ऐकायचं. मिठाचा सिग्नल आधी विझतो, धातूचा टिकतो. गॅरेट कंपनीची सी हंटर या जातीची, 65 मीटरपर्यंत बुडवता येते. पण तिला लोखंड आणि सोनं वेगळं सांगणं नीट जमत नाही. आमच्या घाटावर खिळे, ब्लेड, बांगड्यांच्या तारा इतक्या, की दिवसभर नुसता कचरा उपसत बसाल. दुसरा उपाय बहु-फ्रिक्वेन्सी: मशीन एकाच वेळी कमी-जास्त फ्रिक्वेन्सी सोडते आणि तुलना करून मीठ वजा करते. मिनलॅबची इक्विनॉक्स आणि नोक्ताची लेजंड या त्यातल्या. सुट्टीत कोकणात गणपतीपुळ्याला जाऊन ओल्या रेतीवर फिरायचं असेल तर हीच जात घ्या. किनाऱ्यावर जिथं रेती काळी, लोहयुक्त असते, तिथं एका फ्रिक्वेन्सीची मशीन हात टेकते.

आपल्या नदीसाठी मात्र बारा ते पंधरा किलोहर्ट्झची एकच फ्रिक्वेन्सी असलेली मशीन पुरते. दुकानदार सांगेल, बहु-फ्रिक्वेन्सीच घ्या. तो कमिशन पाहतो, तुम्ही खिसा पाहा. अपवाद एक आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल, तर पूर्णेच्या काठची ओली खारी माती समुद्रासारखीच त्रास देऊ शकते. तिथल्या माणसानं थोडे पैसे जास्त घातले तर वाया जाणार नाहीत. लोणारच्या सरोवराचं पाणीही खारं आहे, पण ते अभयारण्य आहे, तिकडं मशीन नेण्याचं नावच काढू नका.

रेतीही तपासा. स्पीकरचा जुना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि घाटावरच्या कोरड्या रेतीतून सावकाश फिरवा. पिशवीवर काळे केस उभे राहिले, तर रेतीत चुंबकी लोह आहे. आमच्याकडं रेती पिवळी-पांढरी, केस थोडेच येतात. यवतमाळ-अमरावतीकडं काळ्या दगडाच्या मुलखातून आलेल्या नाल्यात गच्च येतात. गच्च आले तर हाताने ग्राउंड बॅलन्स करता येणारी, म्हणजे जमिनीतल्या खनिजाचा सिग्नल वजा करता येणारी मशीन घ्या आणि थाळी डबल-डी जातीची घ्या. डबल-डी थाळी जमिनीचा लांबट, अरुंद पट्टा पाहते, त्यामुळं खनिजाचा गोंधळ तिला कमी होतो. थाळीचा आकार अकरा इंच ठीक. घाटाच्या पायऱ्यांपाशी, जिथं कचरा दाट, तिथं आठ इंचांची बरी. मोठी थाळी एका वेळी खिळा आणि अंगठी दोन्ही पाहते आणि खिळ्याचंच ऐकते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'वॉटरप्रूफ' या शब्दावर. खोक्यावर छापलेलं असतं, पण वॉटरप्रूफ काय आहे? गॅरेटच्या एस मालिकेत आणि मिनलॅबच्या व्हॅनक्विशमध्ये फक्त थाळी पाण्यात जाते, वरची पडद्या-बटणांची पेटी नाही. काठावर, घोट्याइतक्या पाण्यात त्या उत्तम चालतात. पण पाय घसरला की संपलं, आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरतोच. कमरेपर्यंत उतरायचं असेल तर पेटीसकट बुडणारी मशीन हवी. नोक्ताची सिम्प्लेक्स प्लस (12 किलोहर्ट्झ) आणि गॅरेटची एटी प्रो (15 किलोहर्ट्झ), दोन्ही तीन मीटरपर्यंत चालतात. सिम्प्लेक्स हँडलमधून थरथरते, ते मला आवडतं. जत्रेच्या भोंग्यात आवाज ऐकू आला नाही तरी हाताला कळतं. एटी प्रो साध्या पेन्सिल सेलवर चालते, म्हणजे लाइट गेली तरी अडत नाही, आणि लाइट जाणं काय असतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण तिच्यासोबत मिळणारा हेडफोन पाण्यातला नाही, पाण्यातला वेगळा घ्यावा लागतो. बिनतारी हेडफोनवर फार भुलू नका. त्याच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. पेटी बुडाली की आवाज बंद.

तीन मीटर छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नदी उतरते मार्च ते मे, म्हणजे आपलं काम ऐन उन्हाळ्यात. मशीन फटफटीला बांधून बारा वाजताच्या उन्हात आणली, तर पेटीतली हवा तापलेली असते. तशीच ती थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि रबरी रिंगमध्ये जरा फट असली तर तिथून पाणी ओढून घेते. पाणबुडी मोटारीच्या सीलचं जे होतं तेच इथं होतं. म्हणून आधी मशीन झाडाखाली ठेवा, ओलं फडकं टाका, एक चहा घ्या, मग उतरा. चार्जिंगच्या झाकणाखाली बोट फिरवून पाहा. रेतीचा एक कणही सील उचलून धरतो. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. धारेत केबल हलली की मशीन उगीच बोलते आणि तुम्ही उगीच खणता. थाळी पाण्यात तरंगत असेल तर दंड दुखून येतो, म्हणून जी आपसूक खाली बसते ती निवडा. मधे मोकळी, आरपार जागा असलेली थाळी धारेत कमी ओढली जाते.

आता जे बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगणार नाही ते. गोरे लोक सांगतात, लोखंड बंद करा, म्हणजे कचरा टळतो. आपल्याकडं तसं केलं तर नाणी सुटतील. 1992 पासूनचा आपला एक रुपया आणि अलीकडचा दोन रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा आहे. म्हणूनच पुलावरून पोट्टे दोरीला चुंबक बांधून नाणी ओढतात. मशीन पडद्यावर धातूप्रमाणं आकडा दाखवते. तिथं हेच नाणं एकदा लोखंड दाखवतं, एकदा चांदीच्या आकड्यावर उडी मारतं. बाटलीचं पत्र्याचं झाकणही अगदी तसंच वागतं. याउलट आजचा पिवळा पाच, दहा, जुना अकरा कोपऱ्यांचा दोन रुपया, भोकाचा पैसा हे सगळे स्थिर बोलतात आणि चुंबकवाल्या पोट्ट्यांना सापडत नाहीत. तेव्हा लोखंड पुसून टाकणारी मशीन नको, लोखंडाचा आवाज वेगळा काढणारी हवी. जाड, खालचा सूर लोखंडाचा, बारीक सूर चांदीचा. कान आठवड्यात तयार होतो.

सोन्याचं दुखणं वेगळं. जोडवी, तोरड्या चांदीच्या, त्या ठणठणीत आकडा देतात. सोन्याची बारीक अंगठी मात्र मधल्या-खालच्या आकड्यात येते, आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद नेमका तिथंच येतो. अंगठीच्या मागं असाल तर ते पाकीट खणावंच लागेल, सुटका नाही. पोतीची साखळी तर सगळ्यात अवघड. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि कडी म्हणजे मोहरीएवढी. सापडली तर बहुतेक पेंडलमुळं, वाट्यांमुळं सापडते. बाईंनी सांगितलं, "भाऊजी, दोन वाट्या होत्या," की मला हुरूप येतो. नुसती चेन म्हटली की आधीच सांगतो, भरवसा धरू नका.

म्हणून दुकानात जाताना स्वतःच्या वस्तू न्या: सोन्याची अंगठी, एक जोडवं, बारीक चेन, दोनचं नाणं, दहाचं नाणं, एक गंजका खिळा, गोळ्यांचं रिकामं पाकीट. हातातलं घड्याळ, कडं काढून ठेवा. लाकडी पट्टीला एकेक वस्तू चिकटवून थाळीपुढून न्या आणि आकडे कागदावर लिहा. मग अंगठीच्या बाजूला चार बोटांवर खिळा ठेवा आणि पुन्हा फिरवा. अंगठीचा सूर खिळ्यात बुडाला तर ती मशीन घाटाच्या कामाची नाही. थाळी बादलीत बुडवून तोच प्रयोग करा, नंतर त्यात दोन मुठी मीठ टाकून करा. मीठ टाकल्यावर कोणती मशीन बडबडते ते तिथंच दिसेल. दुकानदार बादली देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

मशीनइतकेच पैसे सोबतच्या दोन वस्तूंवर घालायची तयारी ठेवा, असं म्हणणार नाही, पण त्या टाळू नका. एक हातातला छोटा वॉटरप्रूफ पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारी कांडी. गढूळ पाण्यात नुसत्या हातानं चाचपायचं म्हणजे काचा लागणार. दुसरी जाळीची झारी, रेती उपसून गाळायला. ती विकत घेऊ नका. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस पत्र्याची करून घ्या, आठ-दहा मिलिमीटरची भोकं, छातीपर्यंत येईल असा पाइपचा दांडा. नाकातली फुली मात्र या भोकांतून निघून जाते. तिच्यासाठी आतून बारीक जाळी लावता येते. आमच्याकडं सोनझारी लोक पूर्वी रेती धुऊन सोनं काढायचे, त्यांच्याकडं ना मशीन होती ना जाळी. हात आणि डोळा होता.

कुठं जाऊ नये, तेही मशीन घेण्याआधी ठरवा. पवनीत 1969-70 मध्ये जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचं उत्खनन झालं. मार्कंडा, मनसर, कौंडण्यपूर, सगळीकडं जमिनीत जुनं पडलेलं आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणं गुन्हा आहे. बाहेरही जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. स्मशानघाटाच्या पाण्यात मी मशीन घालत नाही. तिथलं जे आहे ते नदीला दिलेलं. आणि जिथं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची पोरं पूजेची नाणी वेचतात तिथं त्यांच्या पोटावर जाऊन काय मिळवायचं?

पाण्याची गोष्ट गंभीरपणे घ्या. रेती उपसलेल्या जागी काठापासून दोन पावलांवर पुरुषभर डोह असतो आणि वरून काही दिसत नाही. झारीचा दांडा आधी टेकवा, मग पाय. गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर पाणी सोडणार आहेत का, ते गावात विचारून या. एकटं उतरू नका. काठावर बसणारा एखादा जोडीदार पोहणारा असू द्या.

मशीन घेतल्यावर पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीत पाणी शिरलेलं धरतात का, ते लिहून घ्या. बाहेरून मागवलेल्या मशीनची दुरुस्ती इथं कोण करणार, हेही आधीच विचारा. सील सुटलेली पेटी माझ्याकडं आणतात लोक, पण तांब्याची तार मी भरू शकतो, आतला छापील बोर्ड नाही.