पुदिना काडीपासून लावताय? पाण्यातून मातीत नेताना घाई बरी, उशीर नको

बियांच्या भानगडीत पडूच नका. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा संकर, त्याला रुजणारं बी जवळपास धरतच नाही, आणि बाकीचेही बियांपासून मूळ झाडासारखे निघतील याचा भरवसा नसतो. ज्याच्या पानाचा वास आवडला त्याचीच वीतभर कोवळी काडी घ्या, पेराच्या (पानं फुटतात त्या गाठीच्या) लगेच खाली कापा, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. खरी गोची पुढे आहे. मुळं जितकी लांब तितकं रोप दणकट, असं मला सांगितलेलं आणि मी महिना महिना काड्या पाण्यात ठेवायचो, ग्लासात मुळांचं जाळं व्हायचं, बघायला मस्त, पण मातीत लावलं की तीन दिवसांत माना खाली. सलग तीन खेपा अशाच गेल्या. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत दाबताना तुटतात आणि उरलेल्यांना मातीतून पाणी ओढायची सवयच नसते.

त्यामुळे मुळं 2-3 सेंटीमीटर झाली की लावा. माती आधी भिजवून ठेवा, बोटाने भोक पाडा, काडी आत सोडा (खुपसायची नाही), दोन पेरं मातीखाली जाऊ द्या आणि हलक्या हाताने माती लोटा. मग शेंडा खुडा. जीवावर येतं, माहितीये, पण पानं कमी तर पाणी कमी उडतं आणि काडी तगते. पहिला आठवडा सावली, माती सतत ओलसर, खत अजिबात नाही. आणि पाण्यातच वाढलंय म्हणून कुंडीत चिखल करू नका, हवा मिळाली नाही तर मुळं कुजतात. नवीन पालवी दिसली की सकाळचं ऊन द्या.

कुंडी रुंद आणि फक्त पुदिन्याचीच ठेवा, नाहीतर तो शेजारच्या झाडांना गिळतो.

पानं फुलं यायच्या आधी तोडा. पोट फुगलं, जड वाटतंय, तर 10-12 ताजी पानं चुरगाळून कपात टाका, वर गरम पाणी ओता आणि दहा मिनिटं झाका. उकळत ठेवायची नाहीत, औषधी तेल वाफेबरोबर उडून जातं. झाकणाला लागलेले थेंबही कपातच झटका.

पण ॲसिडिटीवर पुदिना घ्या असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुदिना आतड्याचे स्नायू सैल करतो म्हणून गॅसला आराम पडतो, पण तसंच अन्ननलिकेच्या खालचं तोंडही सैल पडतं आणि ज्यांना जळजळ होते त्यांची ती वाढू शकते. आणि बाजारातलं पेपरमिंट तेल म्हणजे घरचा काढा नव्हे, ते फार तीव्र असतं. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीला कधीही लावू नका, त्याचा श्वास अडकू शकतो.