जुन्या फियाटला अँटी-रोल बार: कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा

फियाट वळणावर फार झुकते म्हणून जाडा अँटी-रोल बार (वळणावर गाडीला झुकू न देणारी कांब) शोधायला निघालेला माणूस दिसला की मी आधी त्याला गाडीखाली वाकायला लावतो, कारण निम्म्या वेळा बार जागेवर असतो आणि तो धरणारे रबरी बुश मात्र कधीच मेलेले असतात. माझंही तेच झालं होतं. पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे बनलेली फियाट, घेतली तेव्हा मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या फ्लायओव्हरला गाडी अशी कलंडायची की बाजूला बसलेली बायको दार धरून बसायची, मी म्हटलं २२ एमएमचा बार टाकतोच आता. खाली बघितलं तर डाव्या लिंकचं, म्हणजे बारचं टोक चाकाकडच्या आर्मला जोडणाऱ्या दांड्याचं, रबर शिल्लकच नव्हतं, नुसता बोल्ट खुळखुळत होता. म्हणजे बार होता पण काम शून्य.

नावांचा घोळ आधी मिटवू. स्वे बार, अँटी-रोल बार, स्टॅबिलायझर, तिन्ही एकच. गॅरेजमधे स्टॅबिलायझर म्हणा, लगेच कळतं. पण कोणी अँबेसेडरवाला टॉर्शन बार म्हणाला तर ती गोष्ट वेगळी, अँबेसेडरला पुढचं वजन पेलणारी स्प्रिंगच टॉर्शन बार आहे, ती स्टॅबिलायझर समजून सोडायला गेलात तर गाडी खाली बसेल आणि हातपण जाईल. मारुती ८०० वाल्यांनीही जपून, तिथे पुढचा बार नुसता झुकणं थांबवत नाही, खालच्या आर्मला (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या हाताला) पुढेमागे धरूनही ठेवतो, त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. तो काढून गाडी चालवून बघू वगैरे प्रयोग अजिबात नको.

बार म्हणजे काय तर इंग्रजी यू आकाराची स्प्रिंग स्टीलची कांब, मधे दोन डी-बुशमधे (इंग्रजी डी आकाराच्या बुशमधे) बॉडीला धरलेली, दोन्ही टोकं लिंकने खालच्या आर्मला. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो बुशमधे नुसता फिरतो, काही विरोध करत नाही. वळणावर एक चाक वर आणि एक खाली झालं की पिळला जातो आणि बॉडीला झुकू देत नाही. आता मुंबईचा मुद्दा इथेच आहे: खड्डा काय दोन्ही चाकांखाली बरोबर मोजून येत नाही, एकाच बाजूला येतो, आणि तेव्हाही बार पिळला जातोच. जेवढा जाडा बार तेवढी एका चाकाची आदळ दुसऱ्या बाजूला पोचणार, डोकं डावीउजवीकडे हलत राहणार. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीतून रोज जायचं असेल तर हे महिन्याभरात नकोसं होतं.

म्हणून जाडीचं गणित समजून घ्या, ते फसवं आहे. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ चा २० एमएम केला तर आपल्याला वाटतं दोनच एमएम, पण बार दीडपट कडक झाला. १८ चा २२ केला तर सव्वादोनपट. दुसरं, टोकाचा हात किती लांब आहे, म्हणजे लिंकपासून मधल्या आडव्या भागापर्यंतचं अंतर, ते कमी झालं की बार आणखी कडक लागतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा बार जाडी बघून आणू नका, हातही मोजा. पोकळ बार मिळाला तर वाईट नाही, बाहेरून २२ आणि ३ एमएम जाडीची भिंत असेल तर वजन भरीवच्या निम्म्याहून कमी आणि कडकपणा तरी ७० टक्क्यांच्या वर. मात्र आपल्याकडच्या दमट हवेत पोकळ बार आतून गंजला तर बाहेरून कळत नाही, त्यामुळे जुना पोकळ मी घेणार नाही.

माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या फियाटला मूळ मापाचा बार, नवे बुश, नवे लिंक, चांगले शॉक ऑब्सॉर्बर, एवढ्यातच ऐंशी टक्के समाधान आहे. त्यानंतरही हौस असेल तर पुढचा बार एक पायरी, म्हणजे दोन एमएम वाढवा. मागे हात लावू नका. पुढचा बार कडक केला की पुढची चाकं आधी घसरतात, म्हणजे गाडी वळणात सरळ जायला बघते, आपण ॲक्सिलरेटर सोडतो, गाडी सावरते. मागचा कडक केला तर मागचा भाग आधी सुटतो. त्यात फियाट मागच्या चाकांवर चालणारी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला एकसंध ॲक्सल, कडक बारने आतल्या चाकावरचं वजन कमी झालं की ते चाक जागीच फिरतं. पहिल्या पावसात तेल आणि चिखलाचा जो साबण होतो रस्त्यावर, त्यात १०८९ सीसीचं इंजिनसुद्धा मागचं टोक फिरवायला पुरतं.

मिळणार कुठे? मुंबईत ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे विचारा, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या पार्टवाल्यांकडे बघा. ऑक्टोबर २०२३ मधे शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून टॅक्सीच्या जिवावर चालणारा माल हळूहळू आटतोय, त्यामुळे बुशचा सेट दिसला की दोन घेऊन ठेवा. जुना बार घेताना व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) न्या, रंग खरवडून मोजा, बुश बसतो तिथे खाच पडली असेल किंवा गंजाचे खड्डे असतील तर सोडा, बार तिथूनच तुटतो. सपाट फरशीवर ठेवून बघा, दोन्ही टोकं सारखी टेकली पाहिजेत.

एक चूक मी केलीय ती तुम्ही करू नका. दुसऱ्या गाडीचा बार आणला, टोक जुळेना, एका वर्कशॉपमधे गॅसने लालभडक करून वाकवून घेतला. दिसायला एक नंबर. पण तापवलं की स्प्रिंग स्टीलचं पाणी, म्हणजे त्याचा स्प्रिंगपणा, उतरतं, एका पावसाळ्यात एक टोक वर आणि गाडी डावीकडे तिरकी. बारला ना गॅस, ना वेल्डिंग, कुठेच.

बसवायचं काम पिटवर किंवा रॅम्पवर करा, जिथे चारही चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन सस्पेन्शनवर असतं. जॅकवरच करायचं असेल तर पुढची दोन्ही बाजू सारखी उचला, खाली घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, नुसत्या जॅकखाली कोणी शिरायचं नाही. जुने नट आदल्या रात्री तेल मारून ठेवा, नाहीतर बोल्ट तुटून बॉडीत अडकला की रविवार गेला. ब्रॅकेट काढल्यावर तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा. फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते, पत्रा मऊ लागला तर आधी तिथे जाड प्लेट लावून दुरुस्ती, मग बार. जाड्या बारने कुजक्या पत्र्यातून ब्रॅकेट उपटून काढलेलं मी पाहिलंय.

बुश रबरचे की पीयूचे, म्हणजे पॉलीयुरेथेनचे? शहरात रबर. पीयू कडक, टिकाऊ, पण सिलिकॉन ग्रीस नीट नाही लावलं तर म्हाताऱ्या खाटेसारखं कुरकुरतं. रबरला साधं ग्रीस लावू नका, फुगतं, साबणाच्या पाण्याने बसवा. बुशचं भोक बारच्या मापाचंच हवं, २० च्या बारला १८ चा बुश ठोकून बसवला तर बार फिरणारच नाही.

आधी मधले दोन ब्रॅकेट हाताने लावा, बार डावीउजवीकडे सारखा बाहेर आहे का मोजा, मग लिंक. एका बाजूचा लिंक लावून झाला की दुसऱ्या बाजूचा बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. पाना लावून, पहारीने ओढून बसवावा लागत असेल तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहणार, मग गाडी डाव्या वळणाला वेगळी आणि उजव्याला वेगळी वागते. लिंक उभा आणि बारच्या हाताशी काटकोनात दिसला पाहिजे. बोल्ट ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा दर्जा), नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) आणि नवेच. ब्रॅकेटला एम८, म्हणजे ८ एमएमचा बोल्ट, असेल तर २५ न्यूटन मीटरच्या आसपास, एम१० ला ४५ ते ५०. रबरी वायसरवाल्या लिंकला मात्र आकडा नाही, रबर जरासं फुगेपर्यंत आवळायचं, चपाती करायची नाही. शेवटचं आवळणं वजन चाकांवर आल्यावरच.

मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, ब्रेकचा होज, स्टिअरिंगचा टाय रॉड, सायलेन्सर कुठे घासत नाही ना. चाकं लोंबकळत असतानाही बघा आणि पूर्ण दाबलेली असतानाही. आरटीओचं सांगायचं तर पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला जावंच लागतं, आणि मूळ स्पेसिफिकेशन बदलण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, म्हणून बॉडी कापून काही करू नका, कंपनीच्याच भोकांत बसेल तेवढंच.

टेस्टला आधी मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या स्पीडला, मग रविवारी पहाटे खोपोलीहून जुन्या घाटाने वर. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकायला थांबाल तेव्हा उतरून लिंकचे नट हाताने हलवून बघा, नवा रबर पहिल्या फेरीतच थोडा बसतो. परत आलात की एकदा पाना फिरवा, आणि तीनेकशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.