हेडर डोळ्यांसमोर, तरी कंपायलर म्हणे नाही

उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) ओपनसीव्ही ही फोटो-व्हिडिओ हाताळायची लायब्ररी टाकली, फोटो दाखवणारा चार ओळींचा सी++ प्रोग्रॅम लिहिला आणि पहिल्याच ओळीवर एरर: हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणारी फाइल) सापडत नाही. फाइल तर होती! शोधल्यावर 'यूएसआर'मधल्या 'इन्क्लूड'मध्ये 'ओपनसीव्ही४' नावाचं फोल्डर दिसलं आणि त्याच्या आत 'ओपनसीव्ही२'. (आवृत्ती ४ आणि आत २, हा जुना वारसा. डोकं खाजवू नका.)

इथे मी माती खाल्ली. हेडर कुठे शोधायची हे कंपायलरला सांगणाऱ्या '-आय' या पर्यायाला थेट आतल्या फोल्डरचा पाथ दिला आणि कोडमधल्या इन्क्लूडच्या ओळीतून 'ओपनसीव्ही२' हा भाग उडवून टाकला. पहिली एरर गेली, लगेच दुसरी आली. कारण ते हेडर स्वतःच पुढची हेडर्स 'ओपनसीव्ही२' पासून सुरू होणाऱ्या पाथने मागवतं. म्हणजे '-आय'ला बाहेरचं 'ओपनसीव्ही४' द्यायचं आणि कोड होता तसाच ठेवायचा. हा पाथ हाताने लिहायचीही गरज नाही, पीकेजी-कॉन्फिग या छोट्या टूलला 'ओपनसीव्ही४'चे सी-फ्लॅग्ज (कंपायलरला द्यायचे पर्याय) विचारले की ते हा पाथ देतं.

कंपाइल झालं, तर आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची रांग. ही तक्रार लिंकरची (कंपाइल झालेला कोड आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम), इन्क्लूड पाथशी तिचा संबंध नाही, तरी मी अर्धा तास पाथच तपासत बसलो. कमांडमध्ये लायब्ररी आधी आणि माझी सोर्स फाइल नंतर लिहिली होती. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. तोवर कुणी काही मागितलेलंच नसल्याने त्याने लायब्ररी बाजूला टाकली. सोर्स फाइल पुढे आणली, लायब्ररी शेवटी ढकलली, आणि फोटो स्क्रीनवर उघडला.