बोरनहाणाला काय द्यावे?

संक्रांत आली की रथसप्तमीपर्यंत बडोद्यातील दांडिया बाजार आणि आसपासच्या मराठी घरांतून बोरनहाणाची आमंत्रणे येऊ लागतात आणि भेट काय न्यावी, हा प्रश्न उभा राहतो. खोक्याचा आकार पाहून खेळणे घेण्याऐवजी मुलाचे वय आधी विचारावे. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यामुळे ओढल्यावर निघणारे डोळे, मणी, बटणे किंवा चाके असलेले खेळणे या वयाला देऊ नये. सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. बटणाएवढा चपटा सेल तर त्याहून घातक असतो, कारण तो गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही, हे दुकानातच तपासावे.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र यातून सूट आहे, त्यामुळे तेथे पारख आपणच करायची असते. लाकडी खुळखुळा, ढकलगाडी किंवा पांगुळगाडा घेताना कडेवरून बोट फिरवून कूस लागते का ते पाहावे, ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग उतरतो का ते पाहावे, आणि रंग लाखेचा आहे की तेलरंग, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. बडोद्याजवळच्या संखेड्याची लाखकाम केलेली लहानशी खुर्ची महाग पडते खरी, पण दोन-चार नातेवाइकांनी मिळून दिल्यास धाकट्या भावंडालाही पुरते.

दोन वर्षांपुढच्या मुलाला जाड पुठ्ठ्याच्या पानांचे मराठी चित्रपुस्तक द्यावे, असा माझा आग्रह राहील. अंगणात गुजराती आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला आजीच्या मांडीवर बसून मराठी ऐकण्याचे ते निमित्त होते. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तके स्वस्त असतात. मात्र ती पुष्कळदा पातळ कागदावर छापलेली असतात, म्हणून ती पाने न फाडणाऱ्या, जरा मोठ्या मुलासाठी ठेवावीत.

लुटीच्या वस्तू यजमानांनी निवडायच्या असल्या, तरी विचारल्यास सल्ला अवश्य द्यावा. अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या आणि फुगे त्यात नकोत. बोरे बिया काढून वेगळी वाटावीत आणि मुलांवर कुरमुरे, मोठी बिस्किटे व जाड मेणखडू ओतावेत. हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर लगेच उतरवावेत, कारण दोरा तुटला की ते दाणे थेट तोंडात जातात.