हार्मनी पेडलला कॉर्ड नीट ऐकू द्या

गिटार वाजवत गाणाऱ्याला दुसरा आवाज (हार्मनी) देणारं पेडल घ्यायचं असेल, तर दुकानात डबा उलटसुलट करून आधी एवढंच बघा: माईकच्या सॉकेटशेजारी गिटारचं इनपुट आहे का? बॉसच्या व्हीई-२० ला ते नाही, त्यामुळे प्रत्येक गाण्याची पट्टी आधी तुम्हालाच लावून ठेवावी लागते. त्याच कंपनीच्या व्हीई-२ आणि व्हीई-८ ला ते आहे, टीसी-हेलिकॉनच्या हार्मनी सिंगरलाही आहे. ही पेडलं तुमच्या कॉर्ड ऐकून दुसरा सूर ठरवतात. कव्हरं, म्हणजे इतरांची गाजलेली गाणी गाणाऱ्याने, अर्थात तासाभरात दहा-बारा पट्ट्या बदलणाऱ्याने, गिटार इनपुट असलेलंच घ्यावं.

कॉर्ड ऐकायची गरज का, हे पेटीवर लगेच कळतं. पांढरी एकमध्ये (सी) सा गायलात तर वरचा ग चार अर्धस्वरांवर आहे. रे गायलात तर वरचा म तीनच अर्धस्वरांवर. नुसतं 'चार घरं वर' जाणारं यंत्र रे वर तीव्र म लावून मोकळं होईल. म्हणून पेडलला एकतर पट्टी सांगा, नाहीतर कॉर्ड ऐकवा.

जोडणी अशी: माईक एक्सएलआर केबलने पेडलमध्ये, गिटार पेडलच्या गिटार इनपुटमध्ये, तिथून 'थ्रू'मधून तुमच्या बाकीच्या पेडलांकडे आणि अ‍ॅम्पकडे. डिस्टॉर्शन, कोरस, डिले हे सगळं हार्मनी पेडलच्या नंतर. आधी डिस्टॉर्शन लावलंत तर कॉर्डचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि पेडल चुकीचा अंदाज बांधतं. कंडेन्सर माईक असेल तर फँटम, म्हणजे केबलमधून माईकला मिळणारी वीज, पेडलमध्येच सुरू करा. मिक्सरवरचा फँटम पेडल ओलांडून माईकपर्यंत पोचत नाही. केबल कमी पडली तर पुण्यातल्या तापकीर गल्लीत जॅक आणि वायर घेऊन स्वतः डाग द्या (सोल्डर करा): एक नंबरची पिन शील्डला, दोन आणि तीन सिग्नलला, दोन्ही टोकांना सारखंच.

गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते, लावताना गुणगुणू नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने म्हणा आणि लाल दिवा जेमतेम लुकलुकेल इतपत ठेवा. मग हार्मनीचा आवाज शून्यावरून वाढवत न्या. ती 'ऐकू आली' असं वाटलं की थोडी मागे घ्या. दोन आवाजांची सोय असली तरी एकच ठेवा. दोन लावले की कॉलेजच्या समूहगीतासारखं होतं.

पेडल गोंधळतं ते बहुतेक वेळा गिटारमुळे. पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज आणि पंचम असतात, गंधार नसतोच. मेजर की मायनर हे पेडलने ठरवायचं कशावरून? सस-फोर आणि सस-टूचंही (गंधाराच्या जागी म किंवा रे असलेल्या कॉर्डचंही) तेच. जिथे हार्मनी हवी, त्या ओळीला तरी पूर्ण कॉर्ड वाजवा. गिटार ट्यूनरवर चोख लावा, विशेषतः पावसाळ्यात, दमट हवेत सूर हलतो तेव्हा. कापो (गिटारच्या गळ्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर गिटार इनपुटवाल्या पेडलला काही सांगावं लागत नाही, ते प्रत्यक्ष वाजणारा सूरच ऐकतं. पट्टी हाताने लावत असाल तर मात्र हिशोब करा: दुसऱ्या घरावर कापो आणि जीचा आकार म्हणजे पट्टी ए.

आणखी एक हमखास चूक. बरीच पेडलं शेवटची कॉर्ड लक्षात ठेवतात. गाण्याची उठाण गिटारच्या आधी असेल तर पहिल्या दोन-तीन शब्दांवर मागच्या गाण्याची हार्मनी चढते. गायला लागण्याआधी एकदा कॉर्ड हलकीच छेडा, किंवा पहिली ओळ पेडल बंद ठेवून म्हणा.

मराठी गाण्यांत पट्टी लावताना जरा डोकं चालवावं लागतं, कारण पेडलला मेजर-मायनर कळतं, राग कळत नाही. यमन पांढरी एकमध्ये गात असाल तर पेडलवर सी मेजर नव्हे, जी मेजर लावा. तीव्र म त्यातच आहे. थोडक्यात, यमनला पंचमाची मेजर, काफीला कोमल निषादाची, भैरवीला कोमल धैवताची. भैरव यातल्या कशातच बसत नाही. तिथे दुसरा आवाज हवाच असेल तर सा किंवा प वर स्थिर धरा, तानपुऱ्यासारखा. तशी सोय सगळ्या पेडलांत नसते. भूप दिसतो सोपा, पण फसवतो. वरच्या तिसऱ्या सुराची हार्मनी लावली की सा वर ग, ग वर प, ध वर वरचा सा असं छान जमतं, पण रे वर म येतो आणि प वर नि, म्हणजे भूपात वर्ज्य असलेले दोन्ही स्वर. रे किंवा प वर लांब ठहराव असेल त्या ओळीला पेडल बंदच ठेवा. मींड आणि तानेलाही बंद: गळा सरकत जातो, हार्मनी पायऱ्या चढल्यासारखी उड्या मारते, आणि गमकेत तर गुळणी केल्यासारखा आवाज येतो.

स्टेजवर साउंडवाल्याला दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडून रिव्हर्ब आधीच येतोय, त्याने त्याचा काढावा. आणि पेडलचं आउटपुट लाइन लेव्हलचं, म्हणजे माईकपेक्षा बरंच जोरदार, असेल तर त्याने गेन पूर्ण खाली घेऊन सुरुवात करावी. दोन ओळींच्या मध्ये पायाने हार्मनी बंद करा. नाहीतर माईकमध्ये शिरलेल्या ढोल-झांजांचीही हार्मनी होते, आणि शिट्टी वाजायची शक्यता वाढते.

हम (घूं असा सततचा आवाज) येत असेल तर कारण बहुधा अर्थिंगचं. एरवी गिटारचा अ‍ॅम्प आणि मिक्सर वेगळ्या बोर्डांवर असले तरी चालून जातं; या पेडलमध्ये दोन्हींच्या केबली एका डब्यात येतात आणि अर्थचं वर्तुळ पूर्ण होतं. दोन्ही एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, किंवा पेडल आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधला अर्थ तोडणारं, बटण असलेला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा. प्लगची अर्थ पिन कापायची नाही. गणपतीच्या मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर गाण्याआधी माईकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना टेस्टर लावा. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दुरुस्त करेपर्यंत तोंड माईकला लावू नका, कारण हात तारांवर आणि ओठ जाळीवर असताना करंट तुमच्यातूनच जाणार.